रबरसाहेबांचा विडा

अण्णा,

रबरसाहेब नावाचा कुणी माणूस नव्हता. हे मी तुम्हाला अठ्ठावीस वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. तेव्हा नाही जमलं तर त्याच्या पुढच्या वर्षी, नाहीतर त्याच्या पुढच्या. तुम्ही गेलात त्याला एकोणीस वर्षं झाली. म्हणजे माझ्या हातात पुरी नऊ वर्षं होती, आणि मी काही कामात बुडालेली नव्हते. दर महिन्याला घरी येत होते, दुकानात तुमच्या शेजारच्या स्टुलावर बसून चहा पीत होते. रोज डायरी लिहिते, त्यामुळे स्वतःला फसवायची सोय मला फारशी नाही. जुन्या डायऱ्या काढून बघितल्या, तर हे तुम्हाला सांगायचं असं मी चार वेळा लिहून ठेवलं आहे. चारही वेळा दुसऱ्या दिवशीच्या पानावर भलतंच काही आहे. एकदा तर फक्त पावशेर वांगी आणि साबण.

परवा खंडेनवमीला तुळजापूरला जाऊन आले. नवरात्रामुळे बस गावाबाहेरच सोडली आणि पिशवी घेऊन गर्दीतून चालत दुकानापर्यंत यावं लागलं. मी शेहेचाळीस वर्षांची आहे, पण त्या दिवशी आईपेक्षा मीच जास्त दमलेली दिसत होते. आई उंबऱ्यात बसून झेंडूची फुलं दोऱ्यात ओवत होती. मला बघून म्हणाली, "आलीस व्हय, माय. पाणी पी आदी." दुकान आता भाऊ बघतो. फलकांचं काम करतो, आणि शिक्केही करतो, पण संगणकावर अक्षरं लिहून, प्रकाशाच्या यंत्रात, दहा मिनिटांत. वास नाही, धूर नाही. तुमचा रबरी शिक्क्यांचा प्रेस कोपऱ्यात फलकांच्या गुंडाळ्यांखाली होता. त्याच्या मुठीवर तुमच्या तळव्यानं झालेली चकाकी अजून आहे.

तुमचं काम मला आजही जसंच्या तसं दिसतं. तुम्ही छपाईच्या अक्षरांचे सुटे खिळे एक एक करून पट्टीत लावता, उलटी अक्षरं, उजवीकडून डावीकडे, आणि डोळे भलतीकडेच असतात, समोरच्या माणसाशी तुम्ही बोलत असता. सातवी शिकलेले तुम्ही इंग्रजीतला एक शब्द वाचू शकत नव्हता, पण इंग्रजी अक्षर नुसतं बोटानं चाचपून ओळखत होता, तेही उलटं. मग त्या खिळ्यांचा साचा घ्यायचा, साच्यावर पांढरी पूड भुरभुरायची, कच्च्या रबराचा तुकडा ठेवायचा आणि तापलेल्या प्रेसमध्ये दाबायचा. तो वास आमच्या शाळेच्या दप्तरांनाही यायचा. वर्गातल्या मुली म्हणायच्या, टायर जळतंय का गं कुठं? मी तोंड फिरवून घ्यायचे. रबर निघालं की तुम्ही ब्लेडनं कडा कापायचा, लाकडी मुठीला चिकटवायचा, आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी पहिला ठसा नमुन्याच्या वहीत मारायचा. तो ठसा दाराच्या उजेडात धरून बघितल्याशिवाय शिक्का दुकानाबाहेर जात नसे. सरपंच उभा असो की तहसिलीतला साहेब, तेवढा वेळ त्याला थांबावं लागायचं.

तो नियम मी एकदा मोडला होता. बारा वर्षांची असेन. तुम्ही जेवायला घरी गेला होता आणि तेरखेड्याचे एक फटाकेवाले काका आले. पुड्याच्या कागदावर मारायला त्यांनी घोड्याचा शिक्का सांगितलेला होता. बस सुटेल म्हणून ते घाई करत होते. मी शिक्का कागदात गुंडाळून देऊन टाकला. आठ दिवसांनी ते एक छापलेला कागद घेऊन दुकानात उभे. रबरात हवेचा फुगा राहिला होता आणि घोड्याचा मागचा एक पाय उमटतच नव्हता.

"शिक्केवाले, माझा घोडा लंगडा केला की वो तुम्ही."

तुम्ही कागद बघितला. मग माझ्याकडं बघितलं. "किती कागद मारले?"

"सगळे. पोरं मारत बसली, कुणी बघतंय व्हय? आता दुकानदार म्हणतेत, लंगड्या घोड्याची माळ द्या. हसतेत आन् घेतेत बी, ते सोडा. पण आमच्या बापाचा घोडा चार पायाचा होता."

तुम्ही त्यांना चहा पाजला, त्यांच्यासमोर नवा शिक्का केला, नमुना वहीत काढून त्यांना चारही पाय मोजायला लावले. ते गेल्यावर मला फक्त एवढंच म्हणालात, "नमुना काढल्याबिगर हातातून काय बी सोडायचं न्हाय. चीज असो न्हायतर बोलणं." आवाज चढवला नाहीत. मला वाटलं, सुटले.

मग तो शनिवार. मी सोलापूरला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, इंग्रजी घेऊन. तुम्ही ते सगळ्यांना सांगत होता. तुम्हाला जे मी कधी सांगितलं नाही ते असं, की वर्गात मला निम्म्याहून जास्त कळत नव्हतं. सर इंग्रजीत बोलायचे, शहरातल्या मुली हसायच्या, आणि कशाला हसल्या ते मला वसतिगृहात परतल्यावरही कळायचं नाही. दर शनिवारी एसटीत बसून तुळजापूरला यायचे ती खरं तर पळूनच यायचे. त्या शनिवारी आई भाकऱ्या थापत होती, मी जेवायला बसले होते, आणि तुम्ही हात धुऊन माझ्यासमोर बसलात. दुकानात काय झालं होतं ते आधी सांगितलंत. गावातले एक हेडमास्तर निवृत्त झाले होते आणि आपला शिक्का कापून घ्यायला आले होते. पद गेलं की शिक्का परत आणायचा, तुम्ही त्याचं रबर सगळ्यांदेखत कापून टाकायचं आणि मूठ घासूनपुसून त्या माणसाला आठवण म्हणून द्यायची, ही तुमच्या दुकानाची रीत. मास्तरांनी मूठ घेतली आणि गंमतीनं विचारलं, "शिक्केवाले, जन्म गेला तुमचा रबर कापण्यात. रबर म्हणजे काय, असं नाव का पडलं, सांगता का?" तुम्हाला सांगता आलं नाही. बाकावर बसलेली माणसं हसली.

"तर आता तू सांग, माय," तुम्ही म्हणालात. "इंग्रजी शब्द हाय. रबर म्हंजी काय?"

मला माहीत नव्हतं. "माहीत नाही, सोमवारी पुस्तकात बघून सांगते," एवढं म्हणायचं होतं. पण आठवडाभर मी वर्गात मनातल्या मनात माहीत नाही, माहीत नाही एवढंच म्हणत आले होते, आणि घरी, तुमच्यासमोर, ते पुन्हा म्हणायची माझी तयारी नव्हती. मी घास गिळला आणि म्हणाले, "रबर नावाचा साहेब होता. त्यानं शोध लावला. म्हणून त्याचं नाव."

तुमच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. "साहेब? गोरा?"

"गोराच."

"कुटला?"

"लंडनचा."

"हाय का गेला?"

"कधीच गेला, अण्णा. दोनशे वर्षं झाली."

"पोरंबाळं?"

"ते पुस्तकात नाही दिलेलं."

"जेवू द्या की तिला," आई चुलीपासून म्हणाली. "पोरंबाळं इचारायलेत. सोयरीक करायची हाय का?"

तुम्ही हसलात, पण तुमचं लक्ष जेवणात नव्हतं. थोड्या वेळानं म्हणालात, "बघ की. त्या माणसाच्या जिवावर आपण जेवायलोत आन् आपल्याला त्याचं नाव ठाव न्हाय. रोज तोंडात हाय, तरी ठाव न्हाय."

पुढच्या शनिवारी मी दुकानात असताना ते हेडमास्तर रस्त्यानं चालले होते. तुम्ही त्यांना हाक मारून बोलावलंत आणि बाकावरच्या माणसांसमोर सांगितलंत. मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, माझ्याकडे बघितलं. "कोण म्हणालं?" "आमची पोरगी. इंग्रजी घेऊन बी.ए. करायली." मास्तर म्हणाले, "असं होय. बरं झालं सांगितलंत." आणि गेले. त्यांना खरं माहीत होतं की नव्हतं, हा प्रश्न मी कितीदा उलटून पालटून बघितला आहे. माहीत असेल तर ते गप्प राहिले ते तुमच्यासाठी, माझ्यासाठी, की नंतर घरी हसायला? मी चेहरा वाचायचा प्रयत्न केला होता, पण त्या वयात मला माझ्या स्वतःच्या चेहऱ्याचीच जास्त काळजी होती.

आणि मग खंडेनवमी आली. दरवर्षीप्रमाणे तुम्ही प्रेस पुसला, खिळ्यांचे खाने झाडले, ब्लेड, पट्ट्या, साचे मांडले, हळदकुंकू वाहिलं. सगळ्या हत्यारांपुढे मिळून एक विडा ठेवायची आपली पद्धत. त्या वर्षी तुम्ही आईकडून आणखी दोन पानं मागून घेतलीत, त्यावर सुपारी ठेवलीत आणि दुसरा विडा प्रेसच्या मुठीपाशी मांडलात. "ह्यो रबरसाहेबाचा," तुम्ही म्हणालात. "त्याच्या घरचे करत असतील का न्हाय कुणाला ठाव. आपण करू." मग आम्हाला हात जोडायला लावलंत. आईनं जोडले. भावानं जोडले. मीही जोडले, अण्णा. डोळेही मिटले.

खरं मला चार महिन्यांनी कळलं. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जाड शब्दकोश होता, उभं राहूनच बघावा लागे असा. दुसराच शब्द शोधत होते आणि बोट त्या पानावर थांबलं. इंग्रजीत घासण्याला जो शब्द आहे त्यावरून घासणारा तो रबर. झाडाचा चीक विलायतेत पोचायच्या कितीतरी आधीपासून हा शब्द होता. घासायच्या फडक्याला म्हणत, धार लावायच्या दगडाला म्हणत, न्हाणीघरात पैसे घेऊन लोकांची अंगं चोळून देणाऱ्या माणसाला म्हणत. मग लांबच्या मुलखातून तो चीक आला, त्यानं पेन्सिलीचं लिहिलेलं पुसलं जातं असं कुणाच्या तरी लक्षात आलं, आणि पुसायला उपयोगी म्हणून त्यालाही तेच नाव पडलं. पुढं त्याचे टायर झाले, चपला झाल्या, शिक्के झाले, नाव तेच राहिलं. ज्या मुलखातून तो आला तिथल्या लोकांच्या बोलीत त्याला झाडाचं रडणं अशा अर्थाचं नाव होतं असंही सांगतात. त्याची मला खात्री नाही, म्हणून ते तुम्हाला नक्की म्हणून सांगत नाही.

खोटं बोलल्याची लाज मला नंतर वाटली. आधी वाटलं ते वेगळंच. खरं उत्तर तुमचं होतं. दिवसभर घासलेटाच्या फडक्यानं खिळे घासणारे तुम्ही, दगडावर ब्लेड घासणारे तुम्ही, निवृत्त माणसांच्या मुठी घासून चकचकीत करून देणारे तुम्ही. त्या शब्दात सगळी हातानं काम करणारी माणसं होती, त्यात साहेब कुठंच नव्हता. आणि मी तुम्हाला साहेब दिला. तुम्ही विचारलंत ते कशावर जगतो ते कळावं म्हणून, आणि मी तुम्हाला नमस्कार करायला एक गोरा माणूस दिला. तुम्ही त्याला विडाही दिलात.

त्याच पानावर खाली आणखी एक नोंद होती. पत्त्यांच्या खेळातही असाच शब्द आहे, काही डावांच्या संचाला म्हणतात. तो कुठून आला, यापुढे कोशकारांनी सरळ लिहिलं होतं, माहीत नाही. जन्मभर शब्द शोधणाऱ्या विद्वान माणसांनी, छापील, सगळ्या जगासमोर. फक्त दोन शब्द. तेवढं मला चुलीपुढं बसून म्हणता आलं नव्हतं. पुढे मी ग्रंथपाल झाले. कुणी काही विचारलं आणि मला ठाऊक नसलं तर मी लगेच तसं सांगते, इतक्या तत्परतेनं की आमच्या कॉलेजातले लोक हसतात. ती सवय कुठून आली हे त्यांना माहीत नाही. ती फार उशिरा आली, आणि जिथं हवी होती तिथं तिचा उपयोग झाला नाही.

तुम्हाला का सांगितलं नाही? मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. तोवर तुम्ही साऱ्या बाकाला सांगून बसला होता. माझ्या लग्नाच्या बोलणीत तुम्ही सासरच्यांना, आमच्या धंद्याचा मूळपुरुष लंडनचा, असं हसत सांगितलंत, आणि माझे सासरे हसले, आणि ती बैठक त्यामुळे जमली असं आई म्हणते. मी सांगितलं असतं तर त्या सगळ्या माणसांसमोर तुम्ही खोटे पडला असता. हे कारण मला पुष्कळ वर्षं पुरलं. आता नीट बघते तर तुम्ही कुठं खोटे पडत होता? खोटी पडले असते ती मी. तुम्ही तर नुसतं विचारलं होतं.

तर परवा. भावाला प्रेस भंगारात द्यायचा आहे, जागा हवी आहे. आईनं त्याला खंडेनवमीपर्यंत थांबवलं होतं. त्यानं गुंडाळ्या बाजूला केल्या, मी प्रेस पुसला, आईनं हळदकुंकू वाहिलं. एक विडा मांडून ती दुसऱ्याची पानं पुसायला लागली, तसा भाऊ सहज म्हणाला, "आई, असा कुणी साहेब नव्हता. मी मोबाईलवर बघितलं. रबर म्हणजे घासायचं." त्यात कुचकेपणा नव्हता. हे मला माहीत नसेल असंच त्याला वाटत होतं.

आईनं त्याच्याकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं. "आक्का, तू सांग. तू शिकलेली हाईस. होता का नव्हता?"

तोच प्रश्न, फक्त चुलीपुढं नाही, दुकानात. या वेळी मी म्हणाले, "नव्हता, आई. मला माहीत नव्हतं, मी तेव्हा खोटंच सांगितलं होतं."

आईनं हातातली पानं मांडीवर ठेवली. बाहेर ढोल चालला होता, त्यामुळे तिला ऐकू गेलं की नाही असं मला वाटलं. मग ती म्हणाली, "ह्यांना ठाव होतं?"

तुमच्याबद्दल विचारत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, दर वर्षी दोन पानं जास्तीची पुसून ठेवत आलेली, आणि तिला एवढंच कळून घ्यायचं होतं की तिचा नवरा नऊ वर्षं वेड्यासारखा हात जोडत होता की नव्हता. मी म्हणाले, "होतं. मी नंतर सांगितलं होतं अण्णांना."

"मंग? काय म्हणले?"

"हसले."

"हसले?"

"हसले आणि म्हणाले, असू दे, पान ठेवायला कुणीतरी पाहिजे."

आईचा चेहरा सैल झाला. "म्हणलेच असतील. लबाड माणूस. मला बोलले न्हाईत कधी." आणि तिनं दुसरा विडा प्रेसच्या मुठीपाशी ठेवला, जिथं तुम्ही ठेवत होता तिथंच. भावानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि उदबत्ती लावली. आम्ही हात जोडले.

भंगारवाला सोमवारी येणार आहे. मी भावाकडून तुमची नमुन्याची वही मागून घेतली. आज रविवार, दुपारपासून ती समोर आहे. तुळजापुरातल्या पुजाऱ्यांचे शिक्के, लॉजांचे, डॉक्टरांचे, कितीतरी मेलेल्या सहकारी सोसायट्यांचे. तेरखेड्याचा घोडा आहे, चार पायांचा. लंगडा नाही, त्याचा नमुना मी काढलाच नव्हता. वहीची शेवटची काही पानं कोरी आहेत, त्यांवर मी हे लिहिते आहे. मी आईला सांगितलं की मी तुम्हाला खरं सांगितलं होतं. निदान तेवढं तरी खरं व्हावं म्हणून बसले. आता सगळं लिहून झालं, म्हणजे तुम्हाला सांगितलं असं मी धरते. उशीर झाला, पण सांगितलं.

पण तुम्ही हसलात, असंही मी तिला सांगितलं. ते मला माहीत नाही.